मुळापासनं सांग

गावात भांडण झालं की ते सगळ्यांत आधी आबांना कळतं. कधी कधी तर भांडणाऱ्यांच्याही आधी. पारावर दोन माणसं जरा मोठ्यानं बोलायला लागली की आबा चहाचा कप बशीत ठेवतात, चष्मा नेहरू शर्टाच्या टोकाला पुसतात आणि उठतात. बहुतेक वेळा तिथं वाद असा नसतोच. बोलणं उसाच्या टोळीबद्दल चाललेलं असतं आणि एकाला कमी ऐकू येतं म्हणून दुसरा ओरडत असतो. पण आबांनी दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला आणि "हां, आता मला मुळापासनं सांगा" म्हणाले, की दहाव्या मिनिटाला त्या दोघांत खरोखरचा वाद निघालेला असतो. दिवेलागणीपर्यंत तो मिटतो. मिटतोच. आबांनी हातात घेतलेला आणि न मिटलेला तंटा गावानं पाहिलेला नाही. एक सोडून. त्याचं पुढं येईल.

आबांच्या काखेत एक कापडी पिशवी असते. तिच्यात तीन कोरे तडजोडनामे असतात. कोरे म्हणजे नावांच्या जागा तेवढ्या रिकाम्या, बाकी "आम्ही खाली सह्या करणार आमच्या राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय" वगैरे आधीच लिहून ठेवलेलं. शिवाय अंगठ्यासाठी शाईचा पॅड, कार्बन पेपर, फूटपट्टी आणि भाजक्या शेंगा. शेंगा कशाला म्हणून मी एकदा विचारलं. "माणसं उपाशीपोटी हट्टाला पेटतात," आबा म्हणाले. यात तथ्य असावं, कारण शेंगा ते स्वतःच खातात आणि स्वतः कधी हट्टाला पेटत नाहीत. निदान त्यांचं तसं म्हणणं आहे.

आबा आमच्या हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, आणि आता त्याच शाळेत त्यांचेच विषय शिकवतो. ते २००६ साली निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ला, सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. निवृत्त माणसाला सरकारनं इतक्या वेळेवर काम पुरवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. आधी त्यांनीच गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढून गावाच्या हातात खराटा दिला होता. आता मनं झाडायची होती. ग्रामसभेनं समिती नेमायची, गावातले तंटे दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशा रकान्यांत नोंदवायचे, आपापसांत मिटवायचे. मूल्यमापन २०० गुणांचं. पास झालेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस.

आबांना यातली मेख पहिल्या दिवशी कळली. मिटवलेल्या तंट्याला गुण आहेत, म्हणजे मिटवायला आधी तंटा पाहिजे. आमचं गाव तसं गरीब. वर्षाकाठी दोन बांध, एक विहीर आणि यात्रेतली एक मारामारी, एवढाच माल. आबा दारोदार हिंडायला लागले. "तुझ्या आणि थोरल्याच्या मनात काही नाही ना? बघ आठवून. सांगायला लाजू नको, कागदावर घेऊ." माणसं विचारात पडायची. आठवायला बसलं की आठवतंच. पहिल्या तीन महिन्यांत नोंदवहीत सत्तेचाळीस तंटे चढले, त्यातले निम्मे त्या आधी गावाला माहीत नव्हते. पहिल्या क्रमांकाचा तंटा मात्र अस्सल होता. समितीचा अध्यक्ष कोण, यावरून ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या, तो. त्या वर्षांत राज्यातल्या बऱ्याच गावांची तंटामुक्ती अशीच सुरू झाली. पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. आबा अध्यक्ष झाले नाहीत, सदस्य झाले. अध्यक्ष दर वर्षी बदलत गेले. आबा राहिले.

आबांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. समजा, दोन भावांत विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून जुंपली. दुसरा पंच असता तर सोमवार-गुरुवार तुझा, मंगळवार-शुक्रवार याचा असं सांगून जेवायला गेला असता. आबा आधी विहीर कुणी खणली ते विचारतात. मग पाणाड्या कोण होता, पाणी किती परसावर लागलं, पहिला नारळ कुणी वाढवला. तिथून गाडी जमिनीवर येते. जमिनीचं मूळ म्हणजे एकत्रीकरण. १९४७च्या कायद्यानं तुकड्या-तुकड्यांच्या जमिनी जोडून गट पाडायचं ठरवलं; हेतू उत्तम होता. पण जागेवर माणूस आपल्या बापजाद्यांच्या तुकड्यातच नांगर घालत राहिला आणि कागदावर त्याचं नाव दुसऱ्याच गटाला लागलं. आमच्या भागातल्या निम्म्या बांधांची भांडणं या एका शब्दात पुरलेली आहेत. ती आबा उकरतात. सर्व्हे नंबर, मग गट नंबर, मग फेरफार, मग त्या फेरफाराच्या वेळी तलाठी कोण होता आणि त्याला कुणाच्या घरी जेवण होतं.

रात्रीचे नऊ वाजतात. धाकटा भाऊ थोरल्याकडं बघतो. थोरला धाकट्याकडं. सकाळपासून पहिल्यांदाच दोघांच्या मनात एकच विचार असतो.

"आबा, आमचं मिटलं."

"असं कसं मिटलं? अजून बहात्तरचा दुष्काळ राहिलाय."

"नको आबा. खरंच मिटलं. सही कुठं करायची?"

दोघं एकाच मोटारसायकलवर बसून घरी जातात. दुसऱ्या दिवशी गाव म्हणतं, आबांच्या वाणीत काहीतरी आहे. आहेच. भांडणाऱ्या दोघांना एकत्र यायला दोघांवर सारखंच कोसळणारं एखादं संकट लागतं, आणि आबा ते पदरचं पुरवतात. हे त्यांना ठाऊक आहे की नाही, याचा मला कित्येक वर्षं पत्ता लागला नव्हता.

आता तो राहिलेला तंटा. तो त्यांचा स्वतःचा, चुलतभावाशी, दादांशी. पुन्हा एकत्रीकरणच. आबा कसतात ती जमीन सातबाऱ्यावर दादांची आणि दादा कसतात ती आबांची. असल्याच भानगडींसाठी सरकारनं जानेवारी २०२३मध्ये सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं तरी चाललेलं असेल तर अदलाबदलीचा दस्त करायचा. मुद्रांक १,००० रुपये, नोंदणी १,००० रुपये, की कागद आणि नांगर एका रेषेत. हा शासननिर्णय आबांनी देवळाच्या कर्ण्यावरून दोनदा वाचून दाखवला. तलाठ्याचा पंचनामा करून घेण्यापासून दस्तापर्यंत चार जोड्या तालुक्याला स्वतः घेऊन गेले. आपली पाचवी जोडी कधी, असं मी विचारलं तर म्हणाले, "दादाचा आणि माझा विचार चाललाय."

कोर्टाची तारीख असली की दोघं सव्वाआठच्या एसटीनं एका बाकावर बसून जातात. आबांकडं दशम्या असतात, दादांकडं शेंगदाण्याची चटणी. दादांना साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची असते आणि ती घड्याळ बघून आबा देतात. परत आल्यावर तारखेला काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. दादा बहुतेक वेळा नवा टॉवेल घेऊन येतात.

पुढं पुढं एक अडचण झाली. गावातले तंटे आटले. भांडणं होत होती, नाही असं नाही. पण आबांच्या कानावर जाऊ नयेत म्हणून माणसं दारं लावून, टीव्हीचा आवाज मोठा करून, दबक्या आवाजात भांडायला लागली आणि सकाळच्या आत आपलं आपण मिटवायला लागली. एका घरी तर सासू-सुनेनं भांडण अर्ध्यावर सोडून दोघींनी मिळून दाराला कडी घातली, कारण आबा गल्लीतून येत होते. म्हणजे मोहीम फत्ते झाली म्हणायची. पण आबा खंगले. पारावर नुसते बसून राहायचे. पिशवीतल्या शेंगा मऊ पडल्या.

त्यातून निबंधस्पर्धा निघाली. "मोठी माणसं काही ऐकत नाहीत, आता पोरांना धरू या," आबा म्हणाले. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, २ ऑक्टोबरला. ज्या वर्षी आपली मोहीम निघाली त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २ ऑक्टोबर हा जागतिक अहिंसा दिन ठरवला, याचा आबांना फार अभिमान. तो निर्णय आपल्या ग्रामसभेचा ठराव पाहून झाला असावा, अशा आवाजात ते सांगतात. विषय ठरला : 'तंटामुक्तीत माझा वाटा'. फळ्यावर लिहिला त्याच संध्याकाळी एक पालक तावातावानं शाळेत आले. "मास्तर, पोराला आत्तापासनं वाटा मागायला शिकवता व्हय? अजून मी जिवंत हाय!" आबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळलेला मी पाहिला. पिशवी घेऊनच गेले.

स्पर्धेचे नियम तेवीस. शब्दमर्यादा ३००. नववा नियम, 'स्पर्धकांनी पेपर चालू असताना भांडू नये.' विसावा, 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. तो मान्य नसल्यास समितीकडं अर्ज करावा.' अंतिम निर्णयावर अर्ज कसा, हे मी विचारलं नाही. मला ते दार कुणासाठी उघडं ठेवलंय ते कळत होतं.

फ्लेक्सवरून जे झालं त्यावर वेगळा लेख होईल. थोडक्यात एवढंच, की शांततेच्या फ्लेक्सवर आपला फोटो नाही म्हणून गावातले अकरा जण रुसले, आणि आहे पण बारका आहे म्हणून सात. आबांनी अठराही तंटे नोंदवले. फूटपट्टी घेऊन सगळे फोटो सारख्या मापाचे करवले, नावं वर्णानुक्रमे लावली. शेवटी चौतीस माणसं मावली. गांधीजी उजव्या कोपऱ्यात, एका ग्रामपंचायत सदस्याच्या खांद्याआडून डोकावताना दिसत होते. चष्म्यावरून ओळखू आले.

त्रेसष्ट निबंध आले. परीक्षक दोन, आबा आणि मी. शाळेच्या वाचनालयात सतरंजी टाकून बसलो. त्रेसष्टांतले अठ्ठेचाळीस 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' या शब्दांनी सुरू होत होते. आमच्या गावात सकाळी एक आणि संध्याकाळी एक एसटी येते, धकाधकी एवढीच. 'शांतता ही काळाची गरज आहे' यावर सर्वांचं एकमत होतं. सहा मुलांनी गांधीजींना नोबेल देऊन टाकलं होतं. आबांनी सहाही ठिकाणी तांबड्या शाईनं सबंध हकीकत लिहिली : १९३७, ३८, ३९, ४७ आणि ४८ अशी पाच वेळा नाव पुढं आलं, मिळालं एकदाही नाही, आणि १९४८ला योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून समितीनं शांततेचा पुरस्कार कुणालाच दिला नाही. सहाव्या वहीत ते लिहिताना त्यांचा हात थरथरत होता. "त्यांनी अर्ज केला असता तर मी मिटवलं असतं," म्हणाले.

मग अशोक. कलिंगच्या युद्धानंतर अशोकाचं मन पालटलं, हे एकोणीस निबंधांत. इथं आबांमधला इतिहासाचा मास्तर जागा झाला. "पोरं अर्धवट सांगतात. पश्चात्तापाचा तेरावा लेख त्यानं कुठं कुठं कोरला? पार गिरनारला कोरला, वायव्येला शाहबाजगढीला कोरला. आणि खुद्द कलिंगात? धौलीला, जौगडला? तिथं तो लेखच नाही! त्याजागी दुसरेच दोन लेख. सगळी प्रजा माझी लेकरं, अधिकाऱ्यांनी नीट वागावं, असलं. का सांग?"

"का?"

"ज्याला मारलं त्याच्या दारात जाऊन, तुला किती मारलं त्याचा आकडा वाचायचा नसतो. पंच होता गडी." आबांनी कानाला हात लावला. एका धंद्यातल्या माणसानं दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद होती.

हे मी मनात ठेवलं. लगेच उपयोगी पडलं.

शेवटून चौथा निबंध आठवीतल्या एका मुलीचा. दीड पान, अक्षर किरटं, गांधीजी नाहीत, अशोक नाही, काळाची गरज नाही. तिचं आणि तिच्या भावाचं टीव्हीच्या रिमोटवरून रोज भांडण होतं. आई काही विचारत नाही. कुणाची पाळी, कोण आधी बसलं होतं, काही नाही. ती रिमोटमधले सेल काढते आणि कुठंतरी लपवते. की भांडण संपतं. मी दहापैकी नऊ दिले. आबांनी तीन.

"तीन, आबा?"

"यात मूळ कुठंय? टीव्ही कुणी आणला? आईच्या माहेरचा की बापाच्या पगाराचा? रिमोट आधी कुणाच्या हातात असायचा? काही चौकशी नाही. सेल काढले की झालं? याला काय तडजोड म्हणतात?"

"अशोकानं तरी कलिंगात मूळ कुठं उकरलं?"

आबा थांबले. शेंग फोडली, दाणे हातावर चोळले, फुंकर मारली. "अशोकाला निबंध तपासायचे नव्हते."

मी म्हणालो, नऊच राहतील. आबा म्हणाले, तीनच राहतील. आवाज चढले. शिपाई दारातून डोकावून गेला. आणि मग आबांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला. त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली, नवं पान उघडलं आणि लिहायला घेतलं. स्वरूप : इतर. एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला स्वतःचं.

"आबा, तुम्हीच पक्षकार आणि तुम्हीच पंच?"

"दुसरा कोण आहे आत्ता इथं? बस. मुळापासनं सांग."

मी काही सांगायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. या तंट्याचं मूळ रिमोटमध्ये नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मूळ माझ्या आठवीत आहे. 'मी पाहिलेली यात्रा' या निबंधाला त्यांनी मला दहापैकी चार दिले होते, कारण मी पालखीवर दोन ओळी आणि तमाशावर दोन पानं लिहिली होती. ते चार गुण माझ्या पोटात तेव्हापासून आहेत आणि म्हणून मी आज एका आठवीतल्या पोरीला नऊ वाटतोय. मी हसण्यावारी नेलं. पण खोटं कशाला बोलू, तो निबंध चांगला होता. मी तसं म्हणालो. मग तमाशाचा फड कुठला होता, तिकिटाला पैसे कुणी दिले, वडिलांनी मारलं की चुलत्यांनी, हे निघालं. साडेनऊ वाजले. वाचनालयातला दिवा दोनदा गेला आणि आला. आबा माझ्या आजोबांपर्यंत पोचले होते आणि पुढं बहात्तरचा दुष्काळ दिसत होता.

"आबा, मिटलं. पाच द्या, सहा द्या. सही कुठं करू?"

"बघ," आबा म्हणाले, "मिटलं की नाही?" आणि कार्बन पेपर सरळ केला.

नऊ आणि तीन, मधे सहा. मुलीला तिसरं बक्षीस, १५१ रुपये आणि एक वही. पहिलं बक्षीस गेलं धकाधकीला.

गुणपत्रक करायला म्हणून मी निबंधांचा गठ्ठा घरी नेला. जेवण झाल्यावर तिचा पेपर पुन्हा काढला. बाकीच्या बासष्ट पेपरांवर आबांच्या तांबड्या शाईचा सडा पडलेला होता. या एकावर र्‍हस्व-दीर्घसुद्धा दुरुस्त केलेलं नव्हतं. फक्त दुसऱ्या पानावर, मी वाचण्याच्या भरात ज्यावरून पुढं गेलो होतो त्या दोन वाक्यांखाली पट्टीनं ओढलेली दुहेरी रेघ होती. वाक्यं अशी : 'मग आई आमच्या दोघांची दुश्मन होते आणि आम्ही दोघं मिळून सेल शोधतो. तेव्हा आमचं भांडण नसतं.' समासात आबांचं बारीक, वळणदार अक्षर : 'हे वर्गात वाचून दाखवू नये.'

मी वाचून दाखवलेलं नाही.

यंदाची स्पर्धा २ ऑक्टोबरलाच आहे, विषय अजून ठरायचा आहे, म्हणजे त्यावरूनही काही नोंदी होतील. तुम्ही कधी आमच्या गावावरून जाणार असाल तर एकच विनंती. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून काही बोलायचं असेल ते पार मागं पडल्यावर बोला. पारापाशी गाडी थांबते, आणि आबांना चढायला फार वेळ लागत नाही.